गुरुबळ आणि बर्फाखालचं पाणी

मला बघायला शिरूरकडचे पाहुणे आले तेव्हा मी यवतजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. वय पंचवीस. आमच्या गुरुजींनी पत्रिका बघून सांगून टाकलं होतं की मुलीला यंदा गुरुबळ नाही, लग्न पुढच्या वर्षीच बघा. तरी मुलाचे मामा म्हणाले, बघून तर ठेवू. आईने मला सकाळपासून एकच बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोल.

पाहुणे चौघे होते. मुलगा, त्याचे आईवडील आणि हे मामा. मुलगा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत लॅबला होता आणि रात्रपाळी करून थेट आला होता. पोह्यांची बशी हातात धरून तो डोळे उघडे ठेवायची खटपट करत होता. मामांची बोअरची गाडी होती. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांच्या जमिनीला निम्मी भोकं आपणच पाडलीत, असं ते अभिमानाने सांगत होते.

मुलाच्या आईने गुरुबळाचा विषय काढला. गुरू पाठीशी नसला की संसाराचं काही खरं नसतं, असं त्या म्हणाल्या. मी आठवडाभर वर्गात ग्रहमाला शिकवत होते. तोंडातून निघून गेलं, "पण गुरूला जमीनच नाही. तो नुसता वायूचा गोळा आहे."

स्वयंपाकघरात आईच्या हातून कालथा पडला. वडील छताकडे बघू लागले.

मामांनी मात्र बशी खाली ठेवली. उभं राहायलाच जागा नाही, मग तिथं कुणी जगत असेल का, असं त्यांनी विचारलं. आता विचारलंच होतं, म्हणून मी सांगितलं. गुरूवर जीव असणं अवघड, आत जावं तशी उष्णता आणि दाब वाढतच जातो. पण त्याला बरेच चंद्र आहेत. त्यातल्या युरोपा नावाच्या चंद्रावर सगळीकडे बर्फ आहे, आणि बर्फाखाली समुद्र असावा, असं तिकडे गेलेल्या यानाच्या फोटोंवरून शास्त्रज्ञांना वाटतंय. पाणी असेल तर जीवही असू शकेल.

"पानी किती फुटावर हाय?" मामांनी विचारलं.

"फूट नाही मामा, किलोमीटर. दहा-वीस तरी असतील. नक्की कुणालाच माहीत नाही."

मामा बोटं मोजू लागले. मनातल्या मनात रॉड जोडत असावेत. मग बर्फात बोअरचा केसिंग पाइप टिकेल का, यावर ते मुलाच्या वडिलांशी बोलू लागले. मुलाच्या आईने दोनदा खाकरून बघितलं, उपयोग झाला नाही. एवढ्या थंडीत खालचं पाणी गोठत कसं नाही, ही शंका तर माझ्याच वडिलांनी काढली. मी म्हटलं, गुरूची ओढ त्या चंद्राला कणकेसारखी सारखी मळत असते, म्हणून तो आतून गरम राहतो.

तेवढ्यात मुलगा जागा झाला. पाण्यात क्षार किती विरघळलेत हे मोजायचं त्याचं काम. तो पहिल्यांदाच बोलला.

"टीडीएस किती आसंल त्या पाण्याचा?"

"खारट असावं म्हणतात. अजून कुणी चाखलेलं नाही."

तो हसला. मला तो तेव्हाच आवडला.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिकडून निरोप आला की मुलगी हुशार आहे, पण गुरुबळ येईपर्यंत थांबू. थांबू म्हणजे नाही, हे आम्हाला कळलं. मला वाईट वाटलं, पण कुणाला सांगायची सोय नव्हती.

आठवड्याने मामा एकटेच शाळेत आले. गेटाबाहेर बोअरची गाडी बघून हेडमास्तरांना वाटलं, शाळेला बोअर मंजूर झाली. मामा व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि म्हणाले, एका झाकून टाकलेल्या जुन्या विहिरीतला गाळ काढताना त्यांना पांढुरके, बिनडोळ्यांचे किडे दिसले होते. तिथे कित्येक वर्षं ऊन पोचलेलं नव्हतं. तसले किडे तिकडे बर्फाखाली असतील का?

मी म्हटलं, शास्त्रज्ञही असाच अंदाज बांधतात. आपल्या समुद्राच्या तळाशी, काळोखात, गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी जीव सापडलेत. पण युरोपावर आहेत असं सांगता येत नाही. असतील, एवढंच.

"म्या बी शेतकऱ्याला आसंच सांगतो," मामा म्हणाले. "आसंल म्हनून." आणि समाधानाने उठले.

तिथून ते थेट बहिणीकडे गेले. तिला काय म्हणाले ते मला लग्नानंतर कळलं. "ज्याच्याव उभं ऱ्हायला जागा न्हाई, त्याचं बळ कशाला बघत बसलीस, आक्का?"

सासूबाई तीन दिवस रुसल्या. मग त्यांनीच तोड काढली. लग्न याच वर्षी, पण मुलीने गुरुवार धरायचे आणि हरभऱ्याची डाळ दान करायची. मी धरले. दर गुरुवारी उपाशीपोटी वर्गावर गेले की गुरूचा धडा शनिवारवर ढकलायचे.

वैशाखात लग्न झालं. मांडवात मामा कवठे येमाईच्या पाहुण्यांना सांगत फिरत होते की भाचेसुनेला जमिनीखालचंच काय, आभाळातलंही पाणी कळतं. जेवणं उरकल्यावर त्यातले एक आप्पा माझ्यापाशी आले, डोक्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, सवड मिळाली की आमच्या रानात पाणी कुठे लागेल ते बघायला येशील का. मी नवी नवरी, मान डोलावण्याखेरीज मला काही करता आलं नाही.