पुदिन्याचा एक थेंब

शाळेतून निवृत्त झाल्यावर गोविंदराव सरांनी पाथरीजवळच्या आपल्या शेतात गवती चहा आणि जपानी पुदिना लावला, पत्र्याचं शेड घातलं आणि तेल काढायची भट्टी बसवली. कडूबाई तिथं तीन वर्षांपासून कामाला होती. कापलेला पाला टाकीत दाबून भरायचा, खाली जाळ घालायचा. वाफेचं पाणी झालं की वर तरंगणारं तेल सर काढून घ्यायचे. नवरा गेल्यापासून कडूबाईच्या छातीत सारखी धडधड व्हायची, ती इथं आल्यापासून कमी झाली होती. एकदा तिनं हे सरांना सांगितलं.

सर म्हणाले, "वास नाकातून आत गेला की मेंदूत भीती अन् आठवणी जिथं असतात, तिथं लगेच पोचतो, कडूबाई. म्हणून माणूस थोडा सैल होतो."

त्यातलं 'थोडा' तेवढं तिच्या ध्यानात राहिलं नाही.

होळीनंतर तिची सून राजेश्री दोन महिन्यांचं लेकरू घेऊन माहेराहून आली. लग्नात घरभर हसत फिरलेली ही पोरगी आता भिंतीकडं बघत बसायची. लेकरू रडलं तर पाजायची, अन् पाजून झालं की लगेच खाली ठेवायची. राम, म्हणजे कडूबाईचा लेक, सेलूला कापसाच्या जिनिंगवर कामाला; तो आठवड्यातून एकदा यायचा. "बाळंतपणाचा थकवा हाय, माय. जाईल," एवढंच म्हणून परत जायचा.

एका संध्याकाळी कडूबाई भट्टीवरून आली तशी राजेश्रीनं मान वर केली. "आत्याबाई, कशाचा वास यायलाय? बरं वाटायलंय."

कडूबाईला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवसापासून ती गवती चहाचा पाला आणून घरात उकळायला लागली. राजेश्रीनं केस धुतले. दोनदा दारात येऊन बसली. पण दहा-बारा दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं झालं, आणि एका दुपारी ती हळूच म्हणाली, "बाळाला माझ्यापशी ठिवू नका. माझ्या हातून काय तरी व्हईल."

कुणाला सांगावं तर गावभर सुनेला वेडी म्हणतील. कडूबाईला वाटलं, वास कमी पडायलाय. भट्टीवर तेव्हा पुदिना चालू होता. तिनं सरांकडं तेल मागितलं. सरांनी लहान बाटली भरून दिली आणि बजावलं, "लई जहाल असतं. एक थेंब गरम पाण्यात, तोही लांब ठेवून. लेकरापाशी मात्र नेऊ नका."

चार दिवस तिनं तसंच केलं. पाचव्या दिवशी कूलरच्या गारव्यानं लेकराचं नाक चोंदलं, त्याला धड पिता येईना. राजेश्री आत निजलेली. कडूबाईला वाटलं, बाम लावतोच की आपण. तिनं बोट बुडवलं आणि लेकराच्या नाकाखाली फिरवलं.

रडणाऱ्या लेकरानं तोंड उघडलं, पण आवाजच आला नाही. छाती हलेना. ओठ काळेनिळे पडले. कडूबाई तेलाचं बोट तसंच धरून बसून राहिली. लेकराचं रडणं मध्येच तुटलं म्हणून राजेश्री बाहेर आली, तिनं पदर ओला करून लेकराचं नाक पुसलं, त्याला खांद्यावर घेऊन पाठीवर थोपटलं. श्वास परत आला, पण खरखरत. शेजारच्या पप्पूच्या ऑटोतून दोघी पाथरीच्या दवाखान्यात पोचल्या. वाटभर कडूबाई लेकराचे श्वास मोजत होती.

डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला आणि विचारलं, "नाकाला काय लावलंय? वास येतोय."

कडूबाईची जीभ उचलेना. बाटली कनवटीला होती. रामला काय सांगायचं, पोलीस येतील का, सर कामावरून काढतील का, सगळं एकदम डोक्यात आलं.

भिंतीला टेकलेली राजेश्री म्हणाली, "म्या लावलं आसंल. मला आठवंना. माझ्याच हातून व्हणार व्हतं ते."

डॉक्टरीणबाई लेकरावरची नजर काढून तिच्याकडं बघायला लागल्या. कडूबाईनं सुनेचा चेहरा पाहिला. राजेश्रीला ते खरंच वाटत होतं.

"तिनं न्हाई, बाई," कडूबाईनं बाटली टेबलावर ठेवली. "म्या लावलं. ती झोपली व्हती." मग एकदा तोंड उघडल्यावर तिनं सुनेचं भिंतीकडं बघणं, लेकरू जवळ नको म्हणणं, गवती चहा, सगळं सांगून टाकलं.

"वासानं घटकाभर बरं वाटतं, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हा आजार आहे. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो, आणि औषधानं बरा होतो. परभणीला मनाच्या डॉक्टरकडं उद्याच न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकराला सोडलं. राम चार दिवस आईशी बोलला नाही, पण राजेश्रीला परभणीला तोच घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. पहिले तीन आठवडे काहीच फरक दिसला नाही, आणि कडूबाई दिवसातून दहा वेळा लेकराच्या नाकाशी हात धरून बघायची. भट्टीवर पुदिना आला की तिला घाम फुटायचा. सरांनी तिला गवती चहाच्या कापणीवर धाडलं.

श्रावणात एकदा लेकराला अंघोळ घालता घालता राजेश्री म्हणाली, "आत्याबाई, तवा तुमी गप बसल्या आसत्या, तर म्याच लावलं आसं मी जलमभर धरून बसले आसते."

दवाखान्यात आपण किती वेळ गप होतो, ते कडूबाईला चांगलं ठाऊक होतं. ती तांब्यात ऊन पाणी घेऊन लेकराच्या पाठीवर हळूहळू सोडत राहिली.