मासोळीचा बरफ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मोह वेचणं. आमच्या शेताच्या धुऱ्यावर मोहाचं एक झाड आहे. चैतात त्याची फुलं पहाटेपासून गळतात, आणि ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर जनावरं खातात. बायको भराभर वेचायची. मी एका जागी बसून हात पुरेल तेवढी वेचायचो, आणि त्यावरून रोज बोलणी खायचो. त्या दिवशी तिनं मध्येच वर पाहिलं. विमान निघून गेलं होतं, त्याची पांढरी रेष मात्र आभाळात तशीच पडून होती.

"अजी, रेष पुसून नाही राहिली," ती म्हणाली. "मोह आज अंगणात वाळवाले नको. पाणी येते."

मी म्हटलं, इंजिनच्या धुराचा आणि पाण्याचा काय संबंध. तर म्हणे तो धूर नाही, बरफ आहे, पोरीनं फोनवर सांगितलं. मी हसलो. एवढ्या उन्हात बरफ. "हसा," ती म्हणाली. "चौथीचं डोकं तुमचं." ती स्वतः दुसरीत शाळा सोडलेली.

घरी येऊन तिनं टोपली उतरवली, फुलं पडवीत पसरली आणि भिंतीला टेकून बसली. मी चहा मांड म्हटलं. ती बोलली नाही. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. मग जाऊन खांद्याला हात लावला. डॉक्टर आला, त्यानं तिचं मनगट धरलं आणि सोडून दिलं. एवढंच.

पोरगा बंगलोरला नोकरीला आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, मी आल्याबिगर नेऊ नका. मले आईचं तोंड पाहू द्या." दुपारनंतरच्या विमानात त्याला जागा मिळत होती, नागपूरला उतरून गाडीनं येणार होता. मी हो म्हटलं. हो म्हणताना बाहेर काय ऊन तापलंय याचा विचार केला नाही.

माझा चुलतभाऊ आमच्या भाऊकीत मोठा. तो म्हणाला, मुरदा रात्रभर घरात ठेवायची आपल्यात रीत नाही, दिवस बुडायच्या आत उचला. मी म्हटलं, बरफ आणतो.

"वहिनी का मासोळी व्हय, बरफात ठेवाले?"

तसा तो वाईट नाही, तोंडाचा आहे. मीही तसाच. बसायचं असेल तर बस, नाही तर जा, असं मी त्याला सांगितलं. तो बसला.

पण बरफ खरंच मासोळीचाच होता. गावात दुसरा कुठून येणार? उन्हाळ्यात तलाव आटायला लागला की ढिवर जाळी टाकतात, आणि मासोळी भरून पाठवायला लाखांदुरातून बरफाच्या लाद्या येतात. त्या दिवशी ढिवरांनी जाळी ठेवून दिली आणि लाद्या आमच्या दारात आणून उतरवल्या. खाली धानाच्या काड्यांचं तणस अंथरलं, तिच्या दोन्ही अंगांना लाद्या लावल्या, लाद्यांवर धानाचा कोंडा आणि ओली पोती. घरभर मासोळीचा वास सुटला. तिला मासोळी फार आवडायची, म्हणून मी काही बोललो नाही.

दुपारी आंधळगावहून पोरगी आली. ती तिकडं शाळेत शिकवते. रडून झाल्यावर ती माझ्याजवळ अंगणात येऊन बसली. विमानात बसलो, असा तिच्या भावाचा फोन येऊन गेला होता, आणि मी तेव्हापासून वरच पाहत होतो. एक विमान रेष काढत चाललं होतं. मी विचारलं, भाऊ त्यातच आहे का?

"नाही बाबा. रेष काढते ते लय उंचावर राहते. ते आपल्याकडं उतरत नाही."

"मंग जे उतरते ते?"

"त्याची रेष निघत नाही."

आता पाहायचं तरी कुठं, ते मला कळेना. तिला माझं तोंड पाहवलं नसेल, म्हणून ती बरफाचं सांगत बसली. वर इतकी थंडी असते म्हणे की पाणी गोठायलाच पाहिजे, पण ढगातलं पाणी आपलं आपण लवकर गोठत नाही. धरायला काहीतरी लागतं, धुळीचा एखादा कण. दुधाला विरजण लागतं तसं. कण मिळाला की त्यावर बरफ धरतो, आजूबाजूची वाफ ओढून मोठा होतो, जड होतो आणि खाली येता येता वितळून पाणी होतो. आपल्याकडचा कितीतरी पाऊस वर बरफच असतो. विमानाच्या इंजिनातून वाफ निघते आणि काजळीही निघते, म्हणून तिथल्या तिथं बरफाची रेष पडते. वरची हवा कोरडी असली तर हवा ती रेष खाऊन टाकते. ओली असली तर रेष राहते, पसरते.

त्या दिवशीची रेष पसरून पिंजलेल्या कापसासारखी झाली होती. तुझी आई सकाळी हेच म्हणाली, असं मी पोरीला सांगणार होतो, ते न सांगता उठलो आणि पोती ओली करायला आत गेलो.

दिवस बुडायच्या सुमाराला पश्चिमेकडून काळं चढलं. आधी वारा आला आणि मग गारा. टिनावर अशा आदळत होत्या की बाजूच्याचं बोलणं ऐकू येईना. लाद्या तोवर अर्ध्या झाल्या होत्या. शेजारची म्हातारी डोक्यावर सूप धरून, घमेलं घेऊन अंगणात धावली. तिच्या मागं बाकीच्या बाया गेल्या. गारा वेचून आणायच्या आणि बायकोच्या अंगाजवळ ओतायच्या. चुलतभाऊही वाकून वेचत होता. मला तेव्हा बरं वाटलं. वाटलं, आता पोरगा येईपर्यंत पुरेल.

मग त्याचा फोन आला. नागपूरवरही तेच ढग होते. विमान वरच्या वर घिरट्या घालत राहिलं आणि शेवटी वळवून परत बंगलोरला नेलं. दुसऱ्या विमानात जागा उद्याची, घरी यायला उद्याची संध्याकाळ. पोरगी म्हणाली, मोबाईलवर दाखवू का आईचं तोंड? तो नको म्हणाला. मी येऊन पाहीन, म्हणाला. कोणावर राग काढायचा? चुलतभावाला निदान जा म्हणता येत होतं. ढगाला काय म्हणणार?

सकाळी पाहिलं तर पोत्याखाली बरफ नव्हता, पाणी होतं. तणस भिजून काळं पडलं होतं. मी तिच्या तोंडावरचं फडकं काढलं आणि परत टाकलं. पोरगा जे पाहायला येत होता ते आता राहिलं नव्हतं. मी त्याला फोन लावला.

"बापू, मी तिले घेऊन जातो."

  एवढं सांगून मी फोन पोरीच्या हातात दिला. अंगणात तिरडी बांधून झाली होती. विस्तवाचं मडकं आमच्यात पोरगा धरतो. ते मी उचललं आणि पुढं चालायला लागलो.