गोठ्यातली उघडझाप

काष्टी गावी आमच्या उघड्या गोठ्याच्या तीन बाजूंना उंच भिंती होत्या आणि चौथीला आमचंच घर. एकाहत्तरच्या युद्धात दिवे झाकायचा हुकूम निघाला, तेव्हा सुट्टीवर आलेल्या मला ती जागा सोयीची वाटली. मी पल्सारवर संशोधन करत होतो. पल्सार म्हणजे गरगर फिरणारा तारा. त्याचा रेडिओ झोत सतत चालू असतो, पण आपल्या अंगावरून जातो तेवढ्यापुरताच आपल्याला कळतो. हा झोत किती रुंद, मध्यापासून कडेला त्याचं तेज किती घटतं, हे गणित मला जुळेना. म्हणून संध्याकाळी जात्याच्या वरच्या दगडावर टॉर्च तिरकी बांधली, काचेवर भोक पाडलेला काळा कागद लावला आणि जातं फिरवत भिंतीवरचा उजेड पाहत बसलो.

दोन-तीन दिवसांनी हवालदार दारात. गोठ्यातून उजेडाची उघडझाप करून शत्रूला खुणा होतात अशी खबर आहे म्हणाला आणि माझे सगळे कागद घेऊन गेला. सरकारी संशोधन केंद्रातली माझी नेमणूक पोलिसांच्या दाखल्यावर अडली होती. ती आता बुडालीच, असं मी धरून चाललो. पारावरची माणसं मला पाहून गप्प होऊ लागली. माझा संशय शेजाऱ्यावर. बांधावरून त्याचं-आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य, त्यात गोठ्याच्या फाटकातून डोकावायची त्याला खोडच होती.

पण खबर होती ती उजेडाच्या उघडझापीची, आणि तेच मला खटकत राहिलं. झोत फाटकाच्या बराच वरून जात होता. तिथून बघणाऱ्याला भिंतीवर फिरणारा उजेड दिसला असता. उघडझाप दिसते ती थेट झोताच्या वाटेत असणाऱ्याला. त्या वाटेत एकच खिडकी येत होती, आमच्या माडीची. तिथे वडील झोपत.

मी विचारलं तेव्हा त्यांनी नाकारलं नाही.

"थोरला बॉर्डरवर हाय," ते म्हणाले. "धाकटा गोठ्यात काय करतोय, मला काय ठावं? तू सांगितलेलं मला कळत न्हाई. मग इचारायचं कुनाला?"

मला भयंकर राग आला. परक्यानं घात केला असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. पोरगा सरळ चालीचा आहे, एवढी जबानी त्यांनी दिली की कागद सुटणार होते. आईनं विनवून पाहिलं. ते जबानी द्यायला तयार होईनात.

युद्ध संपलं. थोरला धडधाकट घरी आला. त्याला ओट्यावर बसवून वडिलांनी डोळे भरून पाहिलं. मग धोतर बदललं आणि माझ्यासाठी जबानी द्यायला चौकीत गेले.