जानराव मापाऱ्याचा पहिला तास

जानराव तायडे रोज सकाळी कॉलेजच्या फाटकापाशी आला की सायकलवरून उतरायचा. कुंपण संपेपर्यंत पायी चालायचा आणि मग टांग टाकून कारंज्याच्या धान्यबाजाराकडे निघून जायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "चेन सैल हाय."

चेन चांगली घट्ट होती. इंझोरीचा हा मुलगा अकोल्याला कॉमर्सचं एक वर्ष शिकला होता. वडील गेले, शिक्षण सुटलं, आणि कारंज्यात खोली घेऊन तो आडतीत मापारी झाला. पोती काट्यावर चढली की तोलायची, आणि बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात मोजायची.

पंचाहत्तर साली त्या कॉलेजात कॉमर्सचे सकाळचे वर्ग सुरू झाले. त्याची बायको रुख्मिणी भाकर थापता थापता म्हणाली, "किती दिस कुंपणाच्या भायेरून चालसान? आतमंदी जा ना एकदाचे."

"तीस वर्साचा घोडा झालो मी. पोट्टे हासतीन."

"हासू द्या. नवरदेव हाय का तुमी, लाजाले?"

"बरं, एक दिस जातो. पन नाई जमलं तं पुन्हा नाव काढाचं नाई. तू बी नाई, मी बी नाई."

"नाई काढत," ती म्हणाली, आणि तांब्यात निखारे घालून तिनं त्याच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली.

वर्गात मागचे बाक पोरांनी आधीच धरले होते. जानराव पहिल्या बाकाच्या टोकाला बसला. पोती ओढणारे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग बाकावर, मग पुन्हा मांडीवर. शेजारी फुलसिंग बसला होता, तांड्यावरून आलेला, नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा.

सर नागपूरचे, नवे. म्हणाले, "यादी अजून आलेली नाही. बसलात त्या क्रमानं आपापला नंबर मोठ्यानं सांगा. तुमच्यापासून."

बोट जानरावाकडे होतं. तो ताडकन उठला, श्वास भरला आणि हेल काढून ओरडला, "लाभ हो लाभ!"

वर्गात हशा पिकला. आडतीत पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. दोनपासून पुढे सगळं सरळ. इतकी वर्षं जिभेवर हेच बसलेलं.

"काका, काटा कुठी ठेवला?" मागून कोणी तरी विचारलं.

"हा वर्ग आहे!" सरांनी डस्टर आपटलं.

जानरावाचे कान तापले. दार जवळच होतं. त्यानं एक पाय बाकाबाहेर काढला.

तेवढ्यात फुलसिंग उभा राहिला आणि त्याच हेलात गरजला, "दोन हो दोन!"

"तीन हो तीन!" पाठीमागून आलं. त्या पोरांपैकी कितीतरी जण बापाच्या बैलगाडीत, पोत्यांवर बसून हीच मोजणी ऐकत वाढले होते. मोजणी बाकाबाकांवरून धावत सुटली, खिडकीजवळ वळली, भिंतीला धडकून परत फिरली. सरांनी दोनदा हात वर केला, मग नाद सोडला आणि मोजणीबरोबर चालू लागले. शेवटच्या बाकापाशी पोचले तेव्हा त्यांनाही हसू आवरेना.

"पहिले तुम्ही ना? नाव काय?"

"जानराव तायडे. चुकलं सर. बाजाराची सवय हाय."

"मग उभे का? शिकायचंय ना?"

"हो सर!" तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की वर्ग पुन्हा हसला. या वेळी जानरावही हसला आणि त्यानं पाय आत घेतला.

सर फळ्यावर लिहीत गेले. खडूच्या टोकावर नजर ठेवून तो लिहीत राहिला; बोटांना शाई लागली, कळलं नाही. घंटा झाली तेव्हा ती चुकून लवकर वाजली असावी असं त्याला वाटलं.

संध्याकाळी रुख्मिणी दारातच उभी होती.

"हासले का पोट्टे?"

"लय हासले."

तिचा चेहरा उतरला. जानरावानं सायकल भिंतीला टेकवली, हात धुतले.

"उद्या भाकर लवकर टाकजो," तो म्हणाला. "सातले तास हाय."