काचबिंदू पिकत नाही

“दुखत नाही ना? मग काळजी करा,” असं म्हणणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही. रत्नागिरीतल्या आमच्या लहानशा नेत्र-दवाखान्यात पेशंट खुर्चीत टेकला की “दुखत नाय हो” असं मोठ्या समाधानानं सांगायचा, आणि डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून हे वाक्य त्याच्या तोंडावर टाकायचे. पेशंट बिचारा माझ्याकडे बघायचा. मी नावं लिहून घेणारी बाई, मी काय सांगणार?

ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं ती. मोतीबिंदू सगळ्यांना ठाऊक होता. तो पिकावा लागतो, पिकला की काढतात, हे आमच्याकडे आंब्याइतकंच पक्कं. तुमच्याही घरात “अजून कच्चा आहे” असं कुणीतरी म्हटलं असेलच. काचबिंदू मात्र पिकत-बिकत नाही. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू मरते, आणि गेलेली नजर परत येत नाही.

हे सगळं ठाऊक असूनही डॉक्टरांनी एकदा “पिकू दे, मग या” म्हटलं होतं. वेळणेश्वरच्या बाजूला शाळेत शिबिर होतं, रांग पार रस्त्यापर्यंत. एका बाईंच्या डोळ्यांत बॅटरी मारून त्यांनी मोतीबिंदू पाहिला आणि कच्चा आहे म्हणून परत पाठवलं. दाब मोजला नाही. तेवढ्या गर्दीत कुणीच मोजला नसता.

बाईंनी डॉक्टरांचा शब्द पाळला. काही वर्षांनी भावजयीचा हात धरून, खाडी ओलांडून त्या दवाखान्यात आल्या. चेहऱ्यावर नुसता आनंद. “डागतर, आता पुरता पिकला,” त्या म्हणाल्या. “दोनी डोल्यांनी कायच दिसत नाय. काडा.”

डॉक्टरांनी दाब मोजला. पुन्हा मोजला. मग हात धुऊन आले. मोतीबिंदूच्या आडून काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले होते. “माझी चूक झाली,” ते म्हणाले. “मी तुम्हाला थांबवायला नको होतं. आता काढून उपयोग नाही.”

बाईंनी पदर तोंडाशी नेला. म्हणाल्या, “तुमी काय करणार? माजा नशीब.”

“नशीब म्हणू नका हो. नशीब म्हटलं की मी सुटतो.”

त्यानंतरच आमची नोंदवही सुरू झाली. जिल्ह्यातला काचबिंदूचा प्रत्येक रुग्ण तिच्यात यायला हवा, असा डॉक्टरांचा हट्ट. दाब किती, थेंब घालतो की नाही, पुन्हा कधी यायचं. न आलेल्याला पोस्टकार्ड जायचं: काचबिंदू पिकत नाही, वाट बघू नका, या. सुरुवातीची पानं त्यांनी शिबिरांतून परत पाठवलेल्या माणसांसाठी ठेवली होती. सापडतील ती माणसं ते शोधत राहिले.

हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, म्हणून भाऊ किती, बहिणी कुठल्या गावी दिल्या, मुलं मुंबईत काय करतात, हेही मी विचारायचं. एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “डॉक्टरांचा मुलगा लग्नाचा आहे काय?” मी वैतागायचे. बोटं शाईनं भरलेली, आणि पाठीमागून आवाज, “ताई, भावांचं लिहिलंत?”

त्या बाईंना एक धाकटा भाऊ होता. मुंबईला गिरणीत. त्यानं एकाही कार्डाला उत्तर दिलं नाही. शेवटी गणपतीत चाकरमानी गावी आले तेव्हा डॉक्टरच निघाले, मला आणि वहीला सोबत घेऊन. आरती होईपर्यंत आम्ही बाईंच्या पडवीत बसून राहिलो. भाऊ प्रसाद घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, “माजे डोले दुखत नाय वो.”

आता ते नेहमीचं वाक्य येणार, असं मला वाटलं. पण डॉक्टर खाली मान घालून बसले. बोलल्या त्या बाईच. “माजे पन दुखले नवते. गपचूप निज.”

तो चटईवर निजला. बधिर करणारा थेंब टाकून डॉक्टरांनी त्याच्या बुबुळावर यंत्र टेकवलं. दाब वाढलेला होता, पण नजर शाबूत होती. यंत्र पुसून झालं तरी डॉक्टर ते पुसतच राहिले. ते इतके घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते.

थेंबांनी डोकं धरतं म्हणून भाऊ कुरकुरायचा, पण घालायचा. दर वर्षी गणपती झाले की बहिणीला घेऊन दवाखान्यात यायचा आणि दाब मोजून मुंबईला जायचा. त्याची नजर टिकली. मला वाटलं, आता तरी डॉक्टरांचं मन हलकं होईल. कसलं काय.

भाऊ आत बधिर करणारा थेंब घालून पडलेला असेपर्यंत बाई बाहेर बाकावर बसायच्या. डॉक्टर येऊन त्यांच्यासमोर उभे राहायचे, शिक्षा झालेल्या पोरासारखे. “बसा वो, डागतर,” बाई म्हणायच्या. “बसलोय,” डॉक्टर म्हणायचे, आणि उभेच. बाकावर हवी तेवढी जागा असायची. आंधळ्या बाईशी हे कसलं खोटं, म्हणून मला रागही यायचा आणि दयाही.

एका श्रावणात डॉक्टर झोपेतच गेले. गणपतीनंतर भाऊबहीण नेहमीसारखी आली, तेव्हा बातमी मलाच सांगावी लागली. भाऊ तोंड फिरवून रडला. बाई कितीतरी वेळ शेजारच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवत राहिल्या.

“बसलोय म्हनायचे,” त्या म्हणाल्या, “पन आवाज वरसून यायचा. मला कलायचा. म्हटला, कशाला बोला, वाईट वाटंल त्यांना.” मग हळूच म्हणाल्या, “येकदा सांगितला असता तर बसले असते वो. तेवडा माज्याकडून राहिला.”