वसंताची वरची चाल

आज सकाळी वसंताच्या अंगणात मी बेसूर वाजवलं, असं बऱ्याच जणांना वाटलं.

बेसूर नव्हतं. अर्धं होतं.

वसंता आणि मी तिरोडीच्या खाणीत फिटर. सत्तरच्या दशकात तिथे मशीन बसवायला एक ऑस्ट्रियन साहेब आला. त्याच्या पेटीत पान्यांसोबत व्हायोलिन.

संध्याकाळी कलारीत, म्हणजे गावठी गुत्त्यात, बसून आमच्यासोबत मोहाची प्यायचा. सांगायचा, त्याच्याकडे वाइनच्या गुत्त्यात वादक टेबलाशी येऊन हळू वाजवतात. नवी वाइन आली की दारावर हिरवी फांदी टांगतात.

त्यानं आमच्या कलारीवर पळसाची टांगली. कलारीवाला म्हणे, आज साहेबाले लवकरच चढली.

व्हायोलिन मी आधीच शिकलो होतो. स्वतःच. कोणापुढे नारळ ठेवला नाही. वसंता तर माझ्याकडूनच शिकला.

तरी साहेबानं त्याच्या गावाकडची दोन व्हायोलिनची धून बसवली, तेव्हा वरची चाल वसंताला दिली. मला सेकंड. त्याच्या दोन सूर खालून सोबत चालायचं.

(लोक त्या ठेक्याला दादरा म्हणतात. दादरा नाही. मात्रा तीन-तीनच, पण दुसरी किंचित आधी येते.)

साहेब गेला. आम्ही वाजवत राहिलो. आधी कलारीत, मग बालाघाटला वसंताच्या ओसरीत. त्यानं माझी चाल कधी वाजवली नाही, मी त्याची नाही.

यंदा त्याची छाती भरली. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून मान हलवली.

मी म्हणालो, वरची शिकव आता.

"तुले माही चाल शिकवून देल्ली त मी मराले मोकळा. राहू दे."

मी पुन्हा विचारलं नाही. वाटलं, शिकवत नाही तोवर जगेल.

आज तिरडी उचलायच्या आधी त्याचा मुलगा म्हणाला, "काका, बाबूजीवाली धुन बजा दो."

बाबूजीवाली माझ्याकडे नव्हती. माझी होती, ती वाजवली. जिथे त्याची चाल एकटी पुढे जाते, तिथे मी थांबलो. मात्रा मनात धरून, बरोबर तेवढाच.

लोकांना वाटलं, विसरला.

वहिनी दारात आल्या. इतकी वर्षं आतून चहा करता करता ऐकत आलेल्या.

"भाऊजी, हे त तुमचं झालं. यांचं कोन वाजवन?"

मी गज खाली ठेवला.

वसंता, तुझ्या जागा रिकाम्या सोडूनच वाजवीन. भरणार नाही.

जाय बाबा आता.