टेंभुर्णी ते जालना, पंधरा मिनिटांसाठी

हॉलंडहून वर्षभरानं गावी यायला निघाले तेव्हा बॅगेत लॅपटॉप होता आणि लॅपटॉपात अर्धवट प्रबंध. मी तिकडं बियाण्यांचा अभ्यास करायला गेलेली. शेवटच्या प्रकरणासाठी आमच्याच शिवारातल्या सोयाबीनची माहिती हवी होती, म्हणून दहा दिवसांची सुट्टी मिळाली. प्राध्यापकांनी प्रबंध पाठवायची तारीख ठरवून दिली, ती नेमकी नवमीला आली. त्यांच्या दुपारी बारापर्यंत, म्हणजे आपल्या साडेतीनपर्यंत. चुकलं तर परीक्षा डिसेंबरातून थेट जूनमध्ये, म्हणजे घरी परतणं आणखी सहा महिने लांब.

आदल्या संध्याकाळी शेवटचं वाक्य लिहिलं, बॅटरी भरून घेतली आणि खुशीत झोपले. गावात इंटरनेट नव्हतं, प्रबंध सकाळी जालन्याला जाऊन पाठवायचा होता. सकाळी पाहते तर टेबल रिकामं. लॅपटॉप देव्हाऱ्यासमोर पाटावर! एका बाजूला विळे-खुरपी, दुसऱ्या बाजूला फवारणीचा पंप, मधोमध माझं यंत्र. झाकणावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. खंडेनवमी होती. या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा मांडतात, आणि मांडलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावत नाहीत. वर्षभरात मी हे साफ विसरले होते.

मी चिडले, चांगलीच चिडले. विचारायचं तरी, म्हटलं. आईचं उत्तर तयार होतं: साऱ्यांची हत्यारं मांडली, मंग तुझं एकटीचंच कसं सोडायचं? उद्या दसऱ्याला उचल. मग मी आवाज खाली आणला आणि तिला सहा महिन्यांचं नीट समजावून सांगितलं. ती हातपाय धुऊन आली. पाटासमोर बसली, लॅपटॉपवर अक्षता टाकल्या, देवीची माफी मागितली आणि फूल बाजूला ठेवून यंत्र माझ्या हातात दिलं.

"चल, मी बी येते," ती म्हणाली. "रस्ता मला ठाऊक हाय."

मला हसूच आलं. जालन्याचा रस्ता काय मला ठाऊक नव्हता?

एसटीत चढलो तर कंडक्टरनं आईला ओळखलं. "मावशी, आज तर रविवार न्हाई!" म्हणत त्यानं ड्रायव्हरमागची खिडकीची जागा दाखवली. दर दुसऱ्या रविवारी आई याच गाडीनं जालन्याच्या सायबर कॅफेत यायची, कॅमेऱ्यावर माझ्याशी बोलायला. मी माझ्या खोलीत कॉफीचा मग घेऊन लॅपटॉप उघडायचे की पडद्यावर आई हजर, चापूनचोपून केस विंचरलेली, इस्त्रीच्या साडीत. कॅफेतली तिची वेळ पंधरा मिनिटांची. परदेशात राहून घराशी संबंध टिकवणं किती अवघड असतं, यावर मी मैत्रिणींना भाषणं द्यायचे. शहाणीच होते.

बाहेर सोयाबीनची काढणी चालली होती, कपाशी फुटून पांढरी झाली होती. राजूरच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली. मी घड्याळ बघत रस्त्यावर येरझाऱ्या घालायला लागले. आई लिंबाखालच्या एका दगडावर जाऊन बसली आणि डबा उघडला. तिचे नवरात्राचे उपास होते, डब्यात भगर (वरीचा भात) आणि शेंगदाण्याची आमटी. मलाही तिनं बळंच चार घास खायला लावले. असं होतच राहतं, म्हणाली, मागं एकदा तर इथून राजूरपर्यंत ती पायी गेली होती, पुढची गाडी धरायला.

कधी ते विचारलं. तिनं उन्हाळ्यातला एक रविवार सांगितला, आणि मला तो आठवला. त्या रविवारी ती पाऊण तास उशिरा आली होती. मी तिच्यावर खेकसले होते की तुला वेळेची काही किंमतच नाही. ती नुसती हसली होती आणि जेवलीस का, विचारलं होतं.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"पंधरा मिन्टं असत्यात, माय," आई म्हणाली. "त्यात पंक्चरचं काय सांगत बसायचं?"

मला रडू आलं. ती डब्याचं झाकण लावत होती.

जालन्यात उतरलो तेव्हा तीन वाजत आले होते. धावतपळत कॅफे गाठला तर आत ओळीनं सगळ्या कॉम्प्युटरना झेंडूच्या माळा! मालक, चाळिशीतले गृहस्थ, हात जोडून म्हणाले की आज मशीन सुरू होणार नाही, पूजा मांडली आहे. मी तर मटकन बाकावर बसले. पण आई पुढं झाली. तिनं त्यांना सकाळपासूनचं सगळं सांगितलं.

"भाऊ, मी सोता देवीची माफी मागून हिचं हत्यार उचललं," ती म्हणाली. "आज हे गेलं न्हाई तर पोरगी आणिक सहा महिने दुसऱ्याच्या देशात. मला न्हाई निभायचं आता."

वर्षभरात हे ती मला एकदाही म्हणाली नव्हती.

मालक डोकं खाजवत माळांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मशीनला हात लावायचा न्हाई, बराबर. पण वायर कुठं पूजेत हाय?" आणि भिंतीतून आलेली इंटरनेटची वायर त्यांनी माझ्या लॅपटॉपला जोडून दिली. तीन वाजून बावीस मिनिटांनी प्रबंध गेला. थोड्या वेळानं उत्तर आलं: मिळाला, परीक्षा डिसेंबरात. आईला सांगितलं. तिनं बोटांवर महिने मोजले आणि पौषात तू घरी, एवढं म्हणून डोळ्यांना पदर लावला.

चार दिवसांनी मी परत हॉलंडला गेले. पुढच्या रविवारी लॅपटॉप उघडून बसले. आई वेळेवर आली नाही. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. वर्षभर या यंत्रासमोर बसून मला वाटत आलं होतं की हे नातं मीच धरून ठेवलंय. चाळीस मिनिटांनी तिचा चेहरा दिसला, केस विस्कटलेले, श्वास लागलेला. जेवलीस का, तिनं सुरुवात केली. मी तिला थांबवलं.

"ते राहू दे. गाडी कुठं बंद पडली ते सांग."

ती क्षणभर गोंधळली. मग खुर्ची पुढं ओढून नीट बसली, आणि पंधराच्या पंधरा मिनिटं मला रस्ता सांगत राहिली.